मा, ती, के, तो

आमच्या टेबलावर औषधांचा डबा असतो,
सात दारांचा, दुधी प्लास्टिकचा.
झाकणांवर आमच्या भाषेतले वार छापलेले, अर्धेमुर्धे:
मा, ती, के, तो, पे, ला, सू.
रविवारी सौना आटोपली की वोइत्तो तो भरायला बसतो,
केस ओले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
एकेक कॅप्सूल चिमटीत धरून उजेडात फिरवतो,
जणू गिरणीत अजून कागदाची जाडी तपासतोय.

'ही पेशींच्या वीजघरासाठी,' म्हणतो.
'ही गुणसूत्रांची टोकं झिजू नयेत म्हणून.
आणि ही पिवळी...
ही पिवळी सगळ्यासाठीच.'

मी काही बोलत नाही.
ताम्पेरेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं
मी काचेच्या बशांत पेशी वाढवल्या,
त्यांना खाऊ घातलं, दर तिसऱ्या दिवशी घर बदलून दिलं.
पन्नासेक वेळा दुभंगतात, मग थांबतात.
मरत नाहीत. नुसत्या पसरून बसतात
तव्यावर फोडलेल्या अंड्यासारख्या,
आणि शेजारणींच्या कानाशी कुरकुरत राहतात.
रंग टाकला की म्हाताऱ्या तेवढ्या निळ्या होतात.
मी मोजायचे, शंभरात किती निळ्या.
घरी येताना तळ्यावरची संध्याकाळसुद्धा
मला टक्केवारीत दिसायची.

त्याचा भाऊ ओर्वो साठीत गेला,
दारातला बर्फ उपसता उपसता, फावडं हातातच.
त्या वसंतात वोइत्तोनं सॉसेज सोडलं,
नवसागराची काळी गोळी सोडली,
रात्री सातनंतर तोंडाला कुलूप.
थुंकी नळीत भरून कोपनहेगनला धाडली.
उत्तर आलं: शरीराचं वय एकसष्ट.
कॅलेंडरावरचं बहात्तर.
तो कागद त्यानं फ्रिजवर चिकटवला,
नेमका नातवाच्या चित्रावर.
घोड्याचे आता फक्त मागचे पाय दिसतात.

अकरा वर्षं कमावली म्हणे.
कुठं ठेवलीस? मी विचारलं.
हसला.

गेल्या नोव्हेंबरात एका गुरुवारी
'तो'चं दार बंदच राहिलं.
मी मनावर घेतलं नाही.
मग एका बुधवारी 'के' रिकामं, 'तो' रिकामं, 'पे'सुद्धा,
आणि हा दारात उभा राहून विचारतोय,
'आज मी गोळ्या घेतल्या का गं?'
डॉक्टरीणबाईंनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं
ते फेब्रुवारीत.
डब्यानं मला तीन महिने आधीच कळवलं होतं,
एक थेंब रंग न टाकता.

वीजघर चालू आहे.
कुठल्या खोलीत दिवा लावायचा
एवढंच विसरायला होतंय.

सगळं फुकट गेलं, असं मी त्याला म्हणणार नाही.
गेलंही नसेल.
जिन्यात मी थांबते, तो थांबत नाही.
झोपेत त्याचे हात भाकरीसारखे गरम असतात.
आता रविवारी डबा मी भरते;
तो एकेक कॅप्सूल माझ्या तळव्यावर ठेवतो, नाव घेतो,
पिवळीपाशी अडतो.
'ही सगळ्यासाठी,' मी म्हणते.
'हां,' तो म्हणतो, 'सगळ्यासाठी,'
आणि माझ्याकडे असा बघतो
की मी झाकण दोनदा लावते.

मग तळ्यावर.
बर्फातल्या भोकावर रात्रीतून साय धरलेली असते.
ती तो काठीनं फोडतो, शिडीवरून उतरतो,
गळ्यापर्यंत काळं पाणी, डोक्यावर लोकरीची टोपी.
चाळीस सेकंद, असं ठरलेलं. मोजणार मी.
एकतीस वर्षांत मोजण्यात कधी चुकले नव्हते.
एकवीस, बावीस, तेवीस,
एकतीस.

'मधले आठ खाल्लेस तू,'
वाजणाऱ्या दातांतून तो म्हणतो,
शिडीचा दांडा सोडतो,
आणि परत खाली जाऊन
मोठ्यानं मोजू लागतो.
चोवीस.
पंचवीस.